बाळाच्या खोलीत दोन्ही ध्रुव: बेळगावच्या घरात बर्फाची थीम कशी करायची

बाळाची खोली बर्फाच्या थीममध्ये करायची म्हटलं की दुकानात पहिल्यांदा काय दाखवतात, तर एक मोठा स्टिकर, त्यात पांढरं अस्वल आणि पेंग्विन गळ्यात गळे घालून उभे, मागं इग्लू, वर लाल टोपीवाला सांता. घेऊ नका. पांढरं अस्वल उत्तर ध्रुवाकडचं, पेंग्विन दक्षिणेकडचे, रानात त्यांची गाठ आयुष्यात पडत नाही. इग्लू बांधणारे इन्युइट लोक पण उत्तरेकडचेच, अंटार्क्टिकावर मुळात गाव म्हणून नाहीच, संशोधनाची स्टेशनं आहेत तेवढीच. आता लहान बाळाला काय कळतंय म्हणाल तर बरोबर आहे, पण ती भिंत पुढं पाच-सहा वर्षं राहणार आणि पोरगं बोलायला लागलं की तिच्याकडं बघूनच शिकणार, मग पहिल्यापासून नीट असलेलं काय वाईट.

आमचं डेकोरेशनचं काम, गणपतीचं मखर, डोहाळजेवण, बारसं असलं सगळं, आणि हल्ली बाळाच्या खोल्या पण करायला सांगतात. बर्फाची थीम मला स्वतःला आवडते ती एका साध्या कारणासाठी, मुलगा होणार का मुलगी हे आपल्याकडं आधी सांगत नाहीत, विचारायचं पण नाही, १९९४ चा कायदाच आहे तसा, त्यामुळं आधीच रंगवून ठेवायचं तर गुलाबी का निळा ही भानगडच राहत नाही. दुसरं म्हणजे नवीन जन्मलेल्या बाळाला २० ते ३० सेंटीमीटरच्या पुढचं धड दिसत नाही आणि फिके रंग तर कळतच नाहीत, ठळक काळं-पांढरं तेवढं पटकन दिसतं, आणि पेंग्विनइतकं ठळक काळं-पांढरं दुसरं काय आहे सांगा.

एक नियम मात्र आधीच ठरवून टाका. बर्फ डोळ्याला दिसू दे, अंगाला लागायला नको. म्हणजे थीम सगळी भिंतीवर आणि छताला, पाळण्यात काही म्हणजे काही नाही. हे ठरलं की निम्मा खर्च जागेवर कमी होतो, कारण ऑनलाइन जे विकायला असतंय त्यातलं निम्मं सामान पाळण्यात घालायचंच असतंय, पेंग्विनच्या उशा, पांढऱ्या फरची रजई, कडेनं लावायचे गुबगुबीत पॅड. त्याचं पुढं सांगतोच.

आणि नर्सरी नर्सरी म्हणून घाबरायचं काही कारण नाही, आपल्याकडं बाळाची वेगळी खोली कुणाकडं असते, आई-बाबांच्याच बेडरूमची एक बाजू. ते बरंच आहे उलट, पहिले सहा महिने तरी बाळानं आईबाबांच्याच खोलीत पण वेगळ्या अंथरुणावर झोपावं असंच डॉक्टर पण सांगतात.

आता कधी सुरू करायचं. पहिलं बाळंतपण माहेरी असतंय, सून निपाणीला नाहीतर चिक्कोडीला नाहीतर पार गडहिंग्लजकडं गेली की सासरची खोली दोन-तीन महिने मोकळी मिळते, सगळं रंगकाम त्या वेळात उरकायचं. पोटुशी बाई त्या वासात नको आणि तान्हं बाळ तर नकोच नको, रंग झाल्यावर निदान तीन-चार आठवडे खिडक्या उघड्या टाकून खोली मोकळी राहू दे. पाळणा आधी आणायचा नाही म्हणतात आज्ज्या, मग नका आणू, भिंत रंगवायला पाळणा लागत नाही. भिंतीवर नाव पण आधी घालता येत नाही, ते बारशालाच ठरणार, तेव्हा नावासाठी एक बर्फाचा तुकडा कोरा सोडून ठेवायचा, बस्स.

पण महिने कुठले हे बघा, इथंच सगळी गोम आहे. जून ते सप्टेंबर आपल्याकडं पाऊस कसा असतो मी काय सांगायचं, आणि खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडं तर विचारूच नका. झड येते पश्चिमेकडनं, त्यामुळं पश्चिमेची भिंत ओली होते, आतनं पोपडे, पांढरी खार, नाहीतर काळी बुरशी. गडद रंगावर ते लपून जातंय, बर्फाच्या पांढऱ्यावर एक एक काळा ठिपका दिसतोय, आणि दिसायचं सोडा, बुरशी बाळाच्या छातीला चांगली नाही. म्हणून काम शक्यतो फेब्रुवारी ते मे मध्ये करायचं. आणि आधी भिंत तपासायची, दीडएक फुटाचा प्लॅस्टिकचा तुकडा घ्या, चारी बाजूंनी टेप मारून भिंतीला हवाबंद चिकटवा आणि दोन दिवस तसाच ठेवा. आतल्या बाजूला पाण्याचे थेंब दिसले नाहीतर भिंत काळपट पडली तर ओल भिंतीच्या पोटात आहे, तिथं किती पण भारी रंग मारा, पावसाळ्यात खाली येणार. आधी बाहेरच्या अंगानं भेगा भरून वॉटरप्रूफिंग, मग उन्हाळाभर वाळू दे, मग आत पुट्टी, पॉलिश पेपर, प्रायमर. वॉलपेपर तर आपल्या हवेत लावूच नका माझं ऐकाल तर, कोपऱ्यातनं सुटतोय आणि मागं बुरशी धरतीय, ती कळते पण उशिरा.

रंग पाण्यातला इमल्शन घ्या, कमी वासाचा, डब्यावर लो व्हीओसी असं असतंय, म्हणजे हवेत उडणारी रसायनं कमी. शिसं किती ते पण बघा, २०१७ च्या नोव्हेंबरपासून घरगुती रंगात ९० पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखात ९० भागांच्या वर शिसं घालायला भारतात बंदी आहे, पण माळ्यावर पडलेला जुना डबा, कुठल्यातरी कामातनं उरलेला ऑइल पेंट, तो "आहेच की घरात" म्हणून बाळाच्या खोलीत वापरतात, ते करू नका. जुन्या घरात आधीचा ऑइल पेंट असला तर कोरडाच घासत बसू नका, धूळ उडते, ओलं करून घासायचं नाहीतर वर नीट प्रायमर मारून झाकायचं.

आता मुख्य मजा. दोन्ही ध्रुव एका खोलीत पाहिजेत तर सरळ दिशेप्रमाणं करा. आपल्या लोकांना उत्तर-दक्षिण कुठं आहे ते कुणी सांगावं लागत नाही, वास्तूच्या नादानं प्रत्येक घरात पाठ असतंय. उत्तरेच्या भिंतीवर आर्क्टिक, दक्षिणेच्या भिंतीवर अंटार्क्टिका. बाळाचं डोकं उत्तरेला करायचं नाही ही रीत आहेच, म्हणजे डोकं दक्षिणेला, पाय उत्तरेला, तर जागं झाल्यावर समोर उत्तरेची भिंत येते आणि अस्वल दिसतंय. आज्जी पण खूश, भूगोल पण बरोबर. मधे छताला पंखा, तो आपला विषुववृत्त समजा.

या दोन्ही भिंतींना जमिनीपासून तीन फुटावर पाण्याची रेघ मारायची. गवंडी वापरतात ती लेव्हलची पाण्याची नळी घ्या, दोन्ही टोकाला खूण करा, मग सूत मारा आणि मास्किंग टेप लावा, रेघ वाकडी गेली तर आख्खी खोली तिरकी वाटते. रेघेच्या खाली गडद निळा, धुता येणारा इमल्शन. वर पांढरा. हे मी फक्त दिसायला म्हणून सांगत नाही, बाळ रांगायला आणि धरून उभं राहायला लागलं की खालचे तीन फूट कायम तेलकट हातांचे, वरणभाताचे असतात, पांढरं ठेवलं तर वर्षात लाज वाटेल असं होतंय. समुद्राचं पाणी आहे म्हटल्यावर त्यात काय पण खपतंय.

रेघेवर एक हिमनग काढा, पण वर छोटा आणि रेघेच्या खाली मोठं पसरट पोट, कारण खरा हिमनग आकारमानानं साधारण नऊ दशांश पाण्याखालीच असतो. बहुतेक सगळे उलटं काढतात, डोंगर वर आणि खाली काही नाही. पोटाचा भाग फिक्या हिरवट-निळ्यात, खाली खाली गडद करत न्यायचा. जुना दाबलेला बर्फ निळसर दिसतो, कारण त्यातले हवेचे बुडबुडे दाबून निघून गेलेले असतात आणि बर्फ उजेडातला लाल रंग शोषून घेतो, त्यामुळं निळा वापरायला बिचकू नका.

वरचा पांढरा मात्र डब्यातला कोरा पांढरा नको. कोऱ्या पांढऱ्यावर ट्यूबलाइट पडली की आज्जी दारातनंच विचारणार, "दवाखाना करायलास काय रे खोलीचा?" आणि तिचं चूक नाही. पांढऱ्या इमल्शनमध्ये निळ्या स्टेनरचे (छटा द्यायला मिसळतात तो गडद रंग) चार थेंब आणि काळ्याचा एखादा, डब्यात पांढराच वाटला पाहिजे पण भिंतीवर मऊ पडला पाहिजे. आधी भिंतीच्या एका कोपऱ्यात हातभर पट्टा मारा, वाळू दे, सकाळी बघा आणि रात्री लाइट लावून बघा, मग ठरवा. बर्फावरची सावली राखाडी काढायची नाही, निळसर-जांभळट काढायची, तेवढ्या एकाच गोष्टीनं बर्फ बर्फासारखा दिसतो, नाहीतर चुन्याचा ढीग.

अस्वल काढताना लोक फसतात, पांढऱ्या भिंतीवर पांढरं अस्वल दिसणार कसं म्हणून त्याला जाड काळी बॉर्डर मारतात. अहो ते खरं पांढरं नसतंच. त्याचे केस बिनरंगाचे, आरपार असतात, कातडी काळी असते, आणि लांबनं ते सायीसारखं पिवळट दिसतंय. पांढऱ्यात थोडा येलो ओकर, म्हणजे मातकट पिवळा, घाला, झालं अस्वल, बॉर्डर नको काही नको, नाक तेवढं काळं. एक आई आणि मागं दोन पिल्लं, एवढं पुष्कळ. पाण्यात खाली नारव्हाल, म्हणजे तिकडचा एक देवमासा, काढा, त्याचं ते लांब शिंग दिसतंय ना ते शिंग नाही, दात आहे, वरच्या ओठातनं बाहेर आलेला, हे मोठ्या पोरांना सांगितलं की तास दोन तास त्यावरच चर्चा. वॉलरस, सील हे पण इकडचे. गर्दी करू नका पण. भिंतीचा निम्म्यापेक्षा जास्त भाग मोकळा राहिला तर थंडावा वाटतो, भरून टाकलं तर बालवाडी वाटते.

दक्षिणेला पेंग्विन. हात कच्चा असेल तर अ‍ॅडेली पेंग्विन काढा, सगळ्यात सोपा, पाठ काळी पोट पांढरं आणि डोळ्याभोवती पांढरी गोल रेघ, संपलं. एक एम्परर मात्र पाहिजेच, कानाजवळ पिवळा पट्टा असलेला, आणि त्याच्या पायावर पिल्लू. या जातीत अंडं घातलं की आई समुद्राकडं जाते आणि बाप दोन महिने ते अंडं पायावर घेऊन, वरनं पोटाच्या कातडीनं झाकून, काही न खाता उभा असतो, भर अंटार्क्टिकाच्या हिवाळ्यात. रात्री उठून दुपटी बदलायला कुरकुर करणाऱ्या बाबा लोकांच्या अंथरुणासमोरच काढा हे चित्र.

चित्र काढायला येत नाही म्हणू नका, ग्राफ मारा. मोबाइलमधल्या चित्रावर चौकोन पाडा, तेवढेच चौकोन भिंतीवर खडूनं मोठे पाडा, आणि एकेक चौकोन बघून उतरवा, जुने बोर्ड रंगवणारे असंच करायचे. नाहीतर गल्लीत शिवजयंतीच्या चित्ररथाचे कटआउट करणारं, नाहीतर मोठी रांगोळी काढणारं एखादं पोर असतंयच, त्याला चहा-भजी द्या, बाह्यरेषा तासाभरात मारून देतंय, रंग आपण भरायचा. तेवढं पिल्लांचं तोंड मात्र तुम्ही स्वतः काढा, कितीही वाकडं येऊ दे.

या भिंतींवर आपल्या देशाची स्टेशनं पण येऊ देत की. दक्षिणेला मैत्री, १९८९ पासूनचं, आणि भारती, २०१२ मध्ये सुरू झालेलं, ते १३४ शिपिंग कंटेनर जोडून बांधलंय, त्यामुळं काढायला सोपं, खांबांवर ठेवलेला एक लांबट डबा आणि वर तिरंगा. उत्तरेला हिमाद्री, नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, २००८ चं. आणि या सगळ्यांचा कारभार बघणारी संस्था कुठं आहे माहीत आहे काय, चोर्ल्याचा घाट उतरून गोव्यात, वास्कोला. आपल्या इथनं अंटार्क्टिका म्हटलं तर तसा लांब नाही.

छताला तारे लावायचे तर ते अंधारात चमकणारे स्टिकर मिळतात, पण ते कसे पण शिंपडू नका. ध्रुवतारा उत्तरेच्या बाजूलाच लावा. उत्तर ध्रुवावर तो बरोबर डोक्यावर असतो, आपल्या बेळगावात क्षितिजापासून साधारण १६ अंशावर, म्हणजे हात लांब करून धरलेल्या दीड मुठीएवढा वर. हिशोब असा, पाळणा उत्तरेच्या भिंतीपासून दहा फूट लांब असला तर बाळाच्या डोळ्याच्या पातळीपेक्षा तीन फूट वर, सात फुटावर असला तर दोन फूट वर, बेळगावच्या आकाशात दिसतो तिथंच ध्रुव येतो. मग सप्तर्षी असे लावा की चौकोनाच्या पुढच्या दोन ताऱ्यांची रेघ वाढवली की ध्रुवाला लागेल. ध्रुवबाळाची गोष्ट झोपताना सांगायची, तारा समोर आहे, अजून काय पाहिजे. दक्षिणेच्या बाजूला खाली त्रिशंकू, चार ताऱ्यांचा पतंग, तो आपल्याला एप्रिल-मेच्या रात्री दक्षिणेला खाली दिसतोच.

आणि दोन्ही भिंती जोडायला छतावरनं पक्षी न्या, आर्क्टिक टर्न नावाचा. पांढरट अंग, डोक्याला काळी टोपी, लाल चोच. हा पक्षी दर वर्षी आर्क्टिकमधनं अंटार्क्टिकाला जातो आणि परत येतो, जाऊन येऊन सत्तर हजार किलोमीटरच्या आसपास. उत्तरेच्या भिंतीपासून दक्षिणेच्या भिंतीपर्यंत छतावर आठ-दहा पक्ष्यांची रांग रंगवा, पंख्याला वळसा घालून. रंगवाच, दोऱ्याला टांगू नका, पंख्यात अडकतात.

राहिली पूर्व आणि पश्चिम. पश्चिमेची ओली भिंत साधी ठेवा, फिका रंग आणि काही नाही, तिला कपाट पण घट्ट चिकटवून लावू नका, मागनं वारं खेळू दे. पूर्वेला बहुतेक खिडकी असते. ध्रुवीय प्रकाशाचा हिरवा पडदा काढायची हौस असेल तर तिथं, जरा वरच्या भागात काढा. स्पंजनं काढायचा, खालची कड ठळक आणि वर वर पुसट होत गेलेली, कारण खरा पण तसाच दिसतो, शंभरएक किलोमीटर उंचीवरनं सुरू होऊन वर विरत जातो. हिरव्याच्या वर कुठंतरी लालसर झाक चालते. त्यासाठी रंगीत एलईडी पट्टी मात्र नको. संध्याकाळी आलेल्या पाहुण्यांना दाखवायला छान वाटतंय, पण रात्री निळा-हिरवा उजेड झोपेला वाईट, रात्री दूध पाजायला उठावं लागतंय तेव्हा पिवळसर, मंद, खाली लावलेला झिरो बल्ब बरा. बटणाच्या सेलवर चालणारे चमकते पेंग्विन मिळतात ते तर घरातच आणू नका, तो सेल पोटात गेला तर जिवावर बेततंय.

भाड्याचं घर असलं आणि मालक खिळा पण मारू देत नसला तर? मांजरपाट आणा. बिनधुवट मांजरपाटाचा रंग मुळातच अस्वलाचा असतो. एकदा धुऊन आटवून घ्या, इस्त्री करा, जमिनीवर ताणून फॅब्रिक कलरनं भिंतीचंच चित्र त्यावर काढा, वर-खाली नेफा शिवून काठ्या घाला आणि पडद्याच्या रॉडला अडकवा. याचा मोठा फायदा म्हणजे हा पडदा गुंडाळून माहेरी नेता येतो, बाळ आजोळी असताना तिथं, मग इकडं. पश्चिमेच्या ओल्या भिंतीला तेवढा लावायचा नाही. आणि पाळण्यापासून चांगला लांब.

आता पाळण्याचं. वर चिमणाळं असतंयच आपल्याकडं, चिमण्यांच्या जागी पेंग्विन करा. फेल्टचे नाहीतर लोकरीचे क्रोशाचे, डोळे मणी-बटणाचे नकोत, दोऱ्यानं भरायचे. आणि एक गोष्ट बाजारातल्या शंभरातल्या नव्वद खेळण्यांत चुकलेली असते, ती खेळणी बाजूनं उभ्या माणसाला छान दिसतात, बाळ तर खाली पडून वर बघतंय, त्याला नुसते पायांचे तळवे दिसतात. तेव्हा पेंग्विन आडवे टांगा, पोहत असल्यासारखे, काळं-पांढरं पोट आणि तोंड खाली. स्वतः एकदा जमिनीवर आडवं पडून बघा कसं दिसतंय ते. दोरे आखूड, वीतभराच्या आत, आणि बाळाचा हात पोचणार नाही एवढं उंच. पाचवा महिना लागला किंवा त्याच्या आधीच बाळ हातावर जोर देऊन उठायला लागलं तर चिमणाळं काढून टाका, दिसायला कितीही गोड असू दे.

पाळण्यात एक सपाट, जरा कडक गादी, तिच्यावर ताणून बसवलेली चादर, बाळ उताणं. एवढंच. उशी, मऊ खेळणी, रजई, कडेचे पॅड, पांढरा फर हे पहिलं वर्षभर नाही. बारशाच्या दिवशी "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" होईपर्यंत पाळणा हवा तेवढा सजवा, फुलं लावा, कागदाचे हिमकण लावा, संध्याकाळी पाहुणे गेले की सगळं उतरवा. इग्लूची हौस असली तर पांढरी घुमटाची मच्छरदाणी आहे की, बेळगावात डास काही कमी नाहीत, ती लागतेच, जाळी ताणलेली पाहिजे आणि बाळावर लोंबायला नको. घरी गोधडी शिवणारं कुणी असेल तर जुन्या पांढऱ्या-निळ्या सुती साड्यांची गोधडी शिवून घ्या, वर अस्वलाचं ठिगळ, आणि ती जमिनीवर अंथरून बाळ जागं असताना पालथं खेळायला वापरा. गोकाकचे कारागीर हलक्या लाकडाची खेळणी करतात, त्यांच्याकडनं एखादं अस्वल करून मिळालं तर फळीवर शोभेला ठेवा, तोंडात घालायला नको. ती फळी पण पाळण्याच्या वर नको. कपाट मात्र भिंतीला पट्टीनं आवळा, पोरं ड्रॉवर उघडून त्यावर चढतात.

कागदाचे हिमकण करायचे तर सहाच टोकांचे करा, खरे सहाचेच असतात, चौकोनी घडी घालून कापलं की चार नाहीतर आठ टोकं येतात. गोल कागद कापा, अर्धा दुमडा, त्या अर्ध्या गोलाचे तीन सारखे भाग करून दुमडा, मग परत एकदा मधे दुमडून नक्षी कापा, उघडलं की सहा. खिडकीला आतनं लावा, पावसाळ्यात गळून पडले तर दुसरे करा, कागदच आहे. थर्मोकोल आणि कापूस यांचा बर्फ करू नका, मखरातला उरलेला थर्मोकोल प्रत्येक माळ्यावर असतोय म्हणून मुद्दाम सांगतो, त्याचे दाणे पोरं नाकात घालतात आणि दोन्ही भसकन पेटतात.

धुरीचा विषय निघणारच. बाळाला न्हाऊ घातलं की ओवा-शेपाची धुरी द्यायची ही आज्ज्यांची पद्धत, पण त्या धुरानं पांढरं छत महिन्याभरात पिवळं पडतंय आणि धूर बाळाच्या फुप्फुसाला बरा नाही असं डॉक्टर पण सांगतात. तुम्ही डॉक्टरचं नाव घेऊन सांगून बघा, नाही जमलं तर "आज्जी, भिंत काळी होते ओ, एवढा खर्च केलाय" म्हणा, याचा उपयोग जास्त होतोय असा अनुभव आहे. मालिश करायची जागा आणि बाळंतीण पाठ टेकून बसते ती जागा, तिथं भिंतीला तेलाचा डाग पडणारच, तिथं पण खालचा गडद निळाच वर डोक्याएवढा चढवा, लाट आली समजायचं. आणि खोली बर्फाची केली म्हणून एसी १६ वर लावून बसू नका, डिसेंबर-जानेवारीत तर आपल्याकडं तशीच थंडी असते, बाळाला कुंची, अंगडं आणि दाराची फट बंद, पुरे.

शेवटचं काम दाराच्या बाजूला, उंची मोजायचा पट्टा. जमिनीपासून सहा इंच रुंदीची पांढरी उभी पट्टी मारा आणि तिच्याशेजारी पेंग्विन खऱ्या उंचीचे काढा, अ‍ॅडेली साधारण ७० सेंटीमीटर, जेंटू ८० च्या आसपास, एम्परर ११५. टेपनं मोजूनच काढा, अंदाजानं नको. बाळ वर्षाचं होऊन उभं राहायला लागतंय तोवर अ‍ॅडेलीला मागं टाकलेलं असतंय, जेंटू दुसऱ्या वर्षात जातो, आणि एम्परर गाठायला मात्र पाच-सहा वर्षं लागतात, म्हणजे पोरगं पहिलीला जाईपर्यंत. बाराखडी लागली की त्या कोऱ्या बर्फाच्या तुकड्यावरचं नाव ते स्वतःच गिरवतंय, खडू तेवढा हाताशी ठेवा. खालच्या निळ्याला दर दिवाळीला एक हात मारावा लागणार हे धरून चाला, उरलेला रंग डब्याचं झाकण घट्ट बसवून, वर शेडचा नंबर लिहून, ओल नसलेल्या माळ्यावर ठेवा, दोन वर्षांनी दुकानात जाऊन "तोच निळा द्या" म्हटलं तर कुणीच देत नाही.